गळाला लागली ती शिंगी की मांगूर?

मैत्रिणींनो, लावणी उरकली की शहापूर-मुरबाडकडे आम्ही बायाही ओहोळावर गळ टाकतो. मिशांचा काळपट मासा आला की लगेच हात घालू नका. मिशा दोघांनाही चार-चार जोड्या. पाठ बघा. मांगुराचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत जातो. शिंगीचा इवलासा, पुढेच असतो. कल्ल्यांमागचा काटा मांगुराचाही टोचतो, पण शिंगीच्या काट्यात विष असतं, हात ठणकत राहतो. आम्ही गोणपाटानेच धरतो. (कालवण दोघांचंही झकास!) टोचलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवा, उष्णतेने विषाचा जोर मोडतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. काटा आत मोडला किंवा सूज वाढली, तर सरळ आरोग्य केंद्र गाठा.