भयानक रस आणि त्याचे श्रोते

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत भयानकालाही स्थान आहे आणि त्याचा वर्ण त्यांनी काळा मानला आहे. आमच्या वऱ्हाडात कीर्तनकार खांबातून नरसिंह प्रकट करू लागला, म्हणजे लहान मूल आईला बिलगते. पण 'घरी चल' म्हणत नाही. भय माणसाला हवेसे का वाटते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विलायतेत तो एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने उभा राहिला. त्या जातीचे संगीत आज अमरावती-अकोल्याच्या तरुणांच्याही कानी पडते आणि वडीलमंडळी ते ऐकून धास्तावतात. म्हणून ती हकिकत येथे सांगतो.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. त्याच्या ॲस्टन भागातील कामकरी घरांतल्या चार तरुणांचा एक वाद्यवृंद होता. त्यांच्या सरावाच्या जागेसमोरील चित्रपटगृहात 'ब्लॅक सॅबथ' नावाच्या भयपटाला रांग लागे. पैसे मोजून लोक भिण्यासाठी येतात, तर भिववणारे संगीत का नसावे, असे त्यांच्या मनात आले. त्या चित्रपटाचेच नाव त्यांनी घेतले. १६ ऑक्टोबर १९६९ या एका दिवसात त्यांनी आपली पहिली ध्वनिमुद्रिका गाऊन-वाजवून पुरी केली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी ती बाजारात आली. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. मुहूर्तही असा साधलेला!

आरंभी पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा ऐकू येते. मग गिटारीवर संथ, जड असे तीन स्वर येतात : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अंतराला युरोपात 'संगीतातला सैतान' असे नाव पडले होते. आता गंमत अशी, की हाच तीव्र मध्यम आपल्याकडे यमनात लागला की सांजवेळ प्रसन्न होते. तेव्हा भय स्वरात नाही. ते लयीत, आघातात आणि ऐकणाराच्या संस्कारात आहे. गिटार वाजवणारा टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडला आणि त्याच्या दोन बोटांची टोके गेली. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, तारा हलक्या लावल्या आणि वादन चालू ठेवले. यंत्राने जे नेले, त्याची खूण त्याच्या वादनात राहिली.

टीकाकारांनी या ध्वनिमुद्रिकेला झोडपले. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' मासिकात लेस्टर बँग्ज यांनी ही 'क्रीम' या वाद्यवृंदाची बेचव नक्कल ठरवली. श्रोत्यांनी मात्र ती उचलून धरली. ब्रिटनमध्ये ती आठव्या क्रमांकावर पोचली. अमेरिकेत तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि वर्षाहून अधिक काळ यादीत राहिली. तिसरा वर्ग भाविकांचा. वेष्टनाच्या आत कंपनीने उलटा क्रूस छापला होता. त्यावरून ही सैतानाची पूजा आहे, अशी हाकाटी झाली. गाणे नीट ऐकले तर काय आढळते? काळी आकृती पाहून घाबरलेला माणूस देवाचाच धावा करतो आहे. हे भयाचे वर्णन आहे, आराधना नव्हे!

मग श्रोत्यांना त्यात काय गवसले? त्या काळची पुष्कळ गाणी फुलांची आणि प्रेमाची होती. भट्टीपाशी पाळी करून घरी येणाऱ्या पोराला ती आपली वाटेनात. हा घणाघात मात्र त्याच्या ओळखीचा होता. आपल्याकडे १९४७ साली मर्ढेकरांच्या 'काही कवितां'तून यंत्रयुगाचा अंधार मराठीत आला, तेव्हा दुर्बोधतेचा आरोप झाला, अश्लीलतेचा खटलाही भरला गेला. पुढे त्याच कवितेपासून नव्या मराठी कवितेचा काळ मोजू लागले. 'रोलिंग स्टोन'नेही मागाहून ही ध्वनिमुद्रिका श्रेष्ठांच्या यादीत घेतली.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमध्येच हे चौघे अखेरचे एकत्र उभे राहिले आणि २२ जुलैला गायक ऑझी ऑस्बोर्न निवर्तला. ज्या गल्ल्यांतून हे संगीत निघाले, तेथील लोकांनी रस्त्यावर येऊन त्याला निरोप दिला.

कापसाचा भाव पडला, नोकरी मिळेना, की आमच्या तरुणाच्या मनातही अंधार साठतो. त्याने काळे गाणे लावले, म्हणून तो बिघडला असे समजू नये. मनातले भय बाहेर ऐकू आले तर ते थोडे हलके होते. न बोलता साठलेले भय अधिक घातक, हे या कापूसपट्ट्याला कोणी सांगावयास नको. वडिलांनी दार ठोठावून आवाज कमी करावयास जरूर सांगावे. पण त्याआधी घटकाभर शेजारी बसावे आणि मुलाला त्यात काय ऐकू येते, ते विचारावे.