घडी मोडणारे क्रियापद

'एक्स्प्लिकेट' हे इंग्रजी क्रियापद बोलण्यात क्वचितच कानी पडते. एखाद्या गहन वचनाचा अथवा सिद्धान्ताचा अर्थ पदर न् पदर उलगडून सांगणे, हा त्याचा आशय. लॅटिनमधील घडी घालणे या अर्थाच्या 'प्लिकारे' धातूस 'एक्स' हा उपसर्ग लागून सिद्ध झालेले हे रूप 16व्या शतकात इंग्रजीत रुजू झाले. त्याचे नित्य वापरातले भावंड 'एक्स्प्लेन' मात्र निराळ्या कुळीचे, सपाट करणे या अर्थाच्या धातूपासून आलेले.

या व्युत्पत्तीचे प्रत्यंतर पाहावयाचे तर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे स्मरण करावे. ज्यांच्या 'गीतार्णवा'चा विस्तार सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो, त्या संतकवी दासोपंतांनी (1551–1615) तेथे सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा पासोडीवर पंचीकरणाचे, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाविषयीच्या वेदान्तातील प्रकरणाचे, विवरण लिहिले. स्थूल महाभूतात अर्धा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी अष्टमांश असतो, हे त्या प्रकरणाचे मूळ गणित. आणि ते वाचण्यासाठी वस्त्राची घडी खरोखरच मोडावी लागते!

याच मुलखात, 1948पर्यंत चाललेल्या निजामी अमलात, दफ्तरी व्यवहारात रुळलेला शब्द 'खुलासा'. अरबीत तो सार या अर्थाचा, म्हणजे विस्ताराच्या अगदी उलट. मराठीत मात्र त्याने स्पष्टीकरणाचे काम पत्करले, आणि आजही 'लेखी खुलासा सादर करावा' असे फर्मान कचेरीतून आले, की मागितलेले विवरण वेदान्ताचे नसून बहुधा गैरहजेरीचे असते.