पत्ता बदलला, क्रमांक तोच

गाजरगवताची भारतातली नोंद शोधायची तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचा खंड ५४, पृष्ठ २१८ उघडायचं. पुण्यात आढळलेल्या या तणावरचा राव यांचा १९५६ चा लेख तिथे आहे. छापील संदर्भ ग्रंथालयांच्या भरवशावर टिकला. संगणकावरच्या संदर्भाचं काय, या प्रश्नाने मला जबलपूरच्या महाराजपुरातल्या तण संशोधन संचालनालयाकडे वळवलं.

१९८९ मध्ये ही संस्था राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली, २००९ मध्ये तण विज्ञान संशोधन संचालनालय झाली, पुढे नावातून ‘विज्ञान’ गळलं. नाव बदललं की पाटी बदलते, आणि बहुधा संकेतस्थळाचा पत्ताही. जुन्या लेखांत छापलेले दुवे मात्र तसेच राहतात.

त्यावरचा उपाय इथल्याच ‘इंडियन जर्नल ऑफ वीड सायन्स’च्या लेखांवर दिसतो. हे नियतकालिक १९६९ पासून निघतं. त्यातल्या कित्येक लेखांवर १०.५९५८/०९७४-८१६४ असा सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असतो. तिरप्या रेघेआधी नोंदणी करणाऱ्याची खूण, नंतर नियतकालिकाचा स्वतःचा क्रमांक म्हणजे आयएसएसएन, मग वर्ष आणि लेखाचा क्रमांक. लेख कुठे ठेवलाय याचा त्यात उल्लेखच नाही, आणि सगळी खुबी तिथेच आहे. क्रमांक डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की तिथली यंत्रणा आपल्या नोंदीत आजचा पत्ता पाहते आणि वाचकाला तिकडे पाठवते. यामागची हँडल प्रणाली रॉबर्ट कान यांच्या संस्थेची. इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांपैकीच ते एक. लेख दुसऱ्या सर्व्हरवर हलवला तर एक नोंद दुरुस्त करायची. जगभर छापलेले सगळे संदर्भ पुन्हा चालू! मला ही रचना फार देखणी वाटते.

पण ती नोंद आपोआप दुरुस्त होत नाही. कुणीतरी आठवणीने ती करावी लागते, आणि या कामाला बहुतेक ठिकाणी ना पद असतं ना अंदाजपत्रकात रक्कम. विज्ञानाच्या दर पाच लेखांपैकी एकातले वेब-संदर्भ निकामी झाल्याचं २०१४ च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

लेखामागच्या आकडेवारीची काळजी याहून मोठी. महाराजपुरात वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये पिकं आणि तणं वाढवून मोजमापं घेतली जातात. त्यांचा आलेख ज्या लेखात छापला जातो, त्या लेखाला क्रमांक मिळतो. मूळ तक्त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तरच तो सापडणार. विदासंचांना क्रमांक देणारी डेटासाइट २००९ पासून आहे, पण तक्ता लेखासारखा स्थिर नसतो. नव्या हंगामाची भर पडते, चुकीचं वजन सुधारलं जातं. दुवा उघडतो, आणि आत आलेखाशी न जुळणारे आकडे! म्हणून प्रत्येक आवृत्ती वेगळी जपावी लागते, जुनी पुसून चालत नाही.

तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७८ पासून चालू आहे. अकोल्याचं कृषी विद्यापीठही त्यात आहे. अशा प्रकल्पात शास्त्रज्ञ निवृत्त होतात, संगणक बदलतात. वीस वर्षांपूर्वीच्या प्लॉटचे आकडे आज कुणी मागितले, तर ते नेमक्या कुठल्या क्रमांकाने मागायचे?