ब्रेक दाबला की नाक खाली
पुणे-नाशिक महामार्गावरच्या कुरुळीत गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे. १९६१ साली स्थापन झालेली ही कंपनी दुचाकींचे फोर्क आणि शॉक ॲब्सॉर्बर बनवते.

या फोर्कचं काम ब्रेक दाबल्यावर कळतं: भार पुढे सरकतो, पुढच्या चाकाचा फोर्क दबतो, मागचं चाक हलकं होतं. पुढच्या टायरची पकड वाढते खरी. पण फोर्क आधीच पुरता दबलेला असेल, तर खड्ड्याचा किंवा गतिरोधकाचा दणका थेट मनगटात. म्हणून ब्रेक गतिरोधकाच्या आधी दाबायचा, चाक चढताना सोडायचा.

मागे कुणी बसणार असेल तर मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवा. गॅरेजवाले याला ‘शॉकअप कडक केला’ म्हणतात. प्रत्यक्षात स्प्रिंग तेवढीच कडक राहते, फक्त गाडी कमी बसते. फोर्कमधलं तेल मात्र सील गळेपर्यंत कुणालाच आठवत नाही.