महापौर घरफाळा कमी करू शकतो का?

कोल्हापूर महापालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. १५ जानेवारी २०२६ रोजी ८१ जागांसाठी मतदान झाले. गल्लोगल्ली तीन आश्वासने ऐकू आली: घरफाळा कमी करू, घरकुल देऊ, शहराचा विकास करू. यातले कोणाच्या हातात नेमके काय आहे, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

महापौर कोण निवडतो?

नगरपालिकेचा नगराध्यक्ष जनता थेट निवडते. महापालिकेत मात्र नगरसेवक आपल्यातूनच अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. पदाचे आरक्षण सोडतीने ठरते. महापौर सभेचा अध्यक्ष असतो, पण अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. त्यामुळे ‘आमचा महापौर झाला की करून दाखवू’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: सभागृहात बहुमत कुठून आणणार?

घरफाळा

कराचे दर स्थायी समितीच्या प्रस्तावावर विचार करून महासभा ठरवते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणजे घरफाळा कमी करण्याचा अधिकार सभागृहाचा आहे, एकट्या महापौराचा नाही.

दुसरी बाजूही पाहा. जकात गेली, तिच्या जागी आलेली एलबीटीही गेली. २०१७ च्या जीएसटीनंतर त्याची भरपाई राज्याच्या अनुदानातून येते. महापालिकेने स्वतः वसूल करायच्या पैशात घरफाळ्याचा वाटा मोठा आहे. तो सरसकट कमी केला तर कात्री कुठे लागणार? वस्तीतल्या गटारींना, सार्वजनिक शौचालयांना, की महापालिकेच्या दवाखान्यांना? सवलत दोन खोल्यांच्या घराला आहे की मोठ्या व्यापारी संकुलालाही, हेही विचारा. आणि एक लक्षात ठेवा: घरफाळ्याची पावती राहण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती जागेच्या मालकीचा पुरावा नाही.

घरकुल

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. शहरी भागात घर बांधायला अडीच लाख रुपये अनुदान मिळते. मात्र जागा स्वतःच्या नावावर असावी लागते. झोपडपट्टीतल्या कुटुंबाचा अर्ज नेमका तिथेच अडतो. म्हणून खरा प्रश्न प्रॉपर्टी कार्डाचा आहे. जागा महापालिकेची असेल तर सभागृह ठराव करून पाऊल उचलू शकते. जागा सरकारी किंवा खासगी असेल तर जिल्हाधिकारी आणि राज्य सरकारकडे पाठपुरावा लागतो. आपल्या वस्तीची जागा कोणाची, हे उमेदवाराला माहीत आहे का ते बघा. माहीत नसेल तर त्याचे घरकुलाचे आश्वासन पोकळ समजा.

विकास

रस्ते झाले, पण त्यापाठोपाठ टोल आला आणि कोल्हापूरकरांना तो २०१५ मध्ये बंद होईपर्यंत वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरावे लागले. म्हणून कुठल्याही मोठ्या योजनेबद्दल ‘पैसे कोण देणार?’ हे आधीच विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. पूररेषेतल्या बांधकामांबद्दल उमेदवाराची भूमिका काय? पुरात घर सोडावे लागलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाबद्दल काय?

महाडचा धडा

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये सार्वजनिक तळी सर्वांना खुली करण्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन तो अमलात आणला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. सभागृहात कोण बसते आणि बाहेर कोण जागे असते, या दोन्ही गोष्टींना किती महत्त्व आहे, ते यातून कळते.

तेव्हा उमेदवार दारात आला की हे प्रश्न विचारा. मिळालेले उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. सभागृहाचा अर्थसंकल्प येईल तेव्हा ती वही घेऊन त्याच नगरसेवकाकडे जा.

जय भीम!