मिसरचा कापूस, इंजेक्शनची सुई आणि एका गोळीचा भाव

कापडाच्या धंद्यात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या कापसाची ओळख करून द्यावी लागत नाही. लांब तंतूचा, रेशमासारखा मऊ आणि बारीक काउंटच्या सुतासाठी जगभर नावाजलेला. परंतु या कापसाच्या पाण्यातून एका रोगाला, त्या रोगाच्या इलाजातून दुसऱ्या रोगाला कशी वाट मिळाली आणि त्या दुसऱ्या रोगाच्या औषधाचा भाव पन्नास लाख रुपयांवरून तीन हजारांवर कसा आला, ही हकीकत आमच्या व्यापारी बांधवांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. भावाची गोष्ट आहे, म्हणून या पानावर ती सांगत आहोत.

पूर्वी नील नदीला वर्षातून एकदा पूर येई आणि त्यावरच शेती होई. एकोणिसाव्या शतकात मुहम्मद अलीच्या राजवटीत लांब धाग्याचा कापूस आला. त्याला उन्हाळ्यातही पाणी हवे, म्हणून कालवे खोदले गेले. बारमाही पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्या अंगातून निघणारा एक बारीक किडा पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या कातडीतून आत शिरू लागला. लघवीतून रक्त जाई, माणूस खंगत जाई. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ साली कैरोमध्ये हा किडा शोधला, म्हणून रोगाचे नाव पडले बिल्हार्झिया.

मिसर सरकारने त्यावर मोठी मोहीम उघडली. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गावोगाव टार्टार एमेटिक या औषधाची इंजेक्शने शिरेतून दिली गेली. एकेका रोग्याला दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक. त्या वेळी काचेच्या सिरिंजा असत, रांग लांब असे, आणि तीच सुई नीट न उकळता पुढच्या माणसाच्या दंडात जाई. हेतू नेक होता. पण एकाच्या रक्तातला विषाणू त्याच सुईने रांगेतल्या दुसऱ्याच्या रक्तात गेला. तो विषाणू कोणता, हे जगाला १९८९ मध्ये कळले, म्हणजे मोहीम संपल्यानंतर. हाच हिपॅटायटिस सी. या विषाणूवरील कामासाठी २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळाले. मिसरमध्ये २००८ साली पाहणी झाली तेव्हा १५ ते ५९ वयाच्या शंभरातल्या सुमारे पंधरा जणांच्या रक्तात या संसर्गाची खूण सापडली. जगात इतके प्रमाण कोठेच नव्हते.

आपल्याकडे यकृताच्या कोणत्याही दुखण्याला सरसकट कावीळ म्हणतात. हा मर्ज मात्र गुपचूप बसणारा आहे. बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, भूक मरत नाही, माणूस दुकान सांभाळतो, माग चालवतो. वीस-तीस वर्षांत काहींचे यकृत कडक होत जाते, पोटात पाणी होते, कोणाला कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग आहे आणि २०२२ या एका वर्षात २,४२,००० माणसे त्याने दगावली. यावर लस नाही.

आता भावाकडे येऊ. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर घ्यावी लागत. ताप, अशक्तपणा, खर्च, आणि एवढे करून मिसरच्या रोग्यांत गुण निम्म्यांना. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर ही गोळी मंजूर झाली. रोज एक, बारा आठवडे. किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर! गिलियड कंपनीने ही गोळी शोधणारी दुसरी कंपनी सुमारे ११०० कोटी डॉलरला विकत घेतली होती, ती रक्कम वसूल करायची होती. धंदा आम्हीही करतो, गुंतवणुकीवर नफा हवाच. पण लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अंदाज काढला की हा बारा आठवड्यांचा माल बनवायला ६८ ते १३६ डॉलर लागावेत. इतका नफा कोणत्या बाजारात बसतो?

मिसरजवळ एक गोष्ट होती जी ठोक गिऱ्हाइकाजवळ असते: मागणी. २०१४ मध्ये त्या सरकारने तेच औषध बारा आठवड्यांना ९०० डॉलर या भावाने घेतले. पुढे तिथे या औषधाला पेटंट मिळाले नाही आणि स्थानिक कारखान्यांनी गोळी बनवायला घेतली. त्याच २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना ९१ देशांसाठी हे औषध बनवण्याचा परवाना दिला. बनवणारे वाढले की भाव पडतो, हे सुताच्या बाजाराला कोणी शिकवायला नको.

ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत मिसरने सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी केली. बोटाला टोचून एक थेंब रक्त, बस्स. सुमारे २२ लाखांत खूण सापडली, त्यांची पुढची तपासणी झाली, आणि उपचाराचा खर्च एका रोग्यामागे ४५ डॉलर आला. ज्यांचा निकाल कळला त्यांतले ९८ टक्क्यांहून अधिक बरे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामाबद्दल मिसरला सुवर्ण दर्जा दिला. असा दर्जा मिळालेला तो पहिला देश.

मग आपले काय? २०२२ च्या हिशेबाने सर्वांत जास्त रोगी पाकिस्तानात आहेत, सुमारे ८८ लाख. भारतात सुमारे ५५ लाख. दोन्हीकडे एक सवय सारखी आहे. साधा ताप आला तरी "डॉक्टरसाहेब, सुई लावा" असे लोक स्वतःच म्हणतात. गोळीने भागत असेल तर सुईचा हट्ट कशाला? आणि सुई घ्यायचीच तर पाकीट आपल्यासमोर फोडलेले हवे.

आमच्या समाजात आणखी काही जागा सांभाळण्यासारख्या आहेत. हजामाचा वस्तरा, हिजामाचे पाते, खतन्याची हत्यारे, हजमध्ये डोके मुंडताना रांगेत फिरणारे पाते. हजाम बांधवांच्या रोजीला धक्का लावण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. गिऱ्हाइकासमोर नवे ब्लेड लावणाऱ्याची गिऱ्हाइकी वाढेलच. दुसरीकडे, एकत्र जेवण्याने, गळाभेटीने, हात मिळवण्याने हा रोग होत नाही. तेव्हा एखाद्या कारागिराला हा संसर्ग निघाला म्हणून त्याला मागावरून उठवणे हा निव्वळ जुलूम आहे.

२८ जुलै २०१८ पासून भारत सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रांवर मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करावी. २००१ पूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांनी एकाच सुईची इंजेक्शने घेतली आहेत, त्यांनी अगोदर जावे. पहिली तपासणी 'आहे' म्हणाली तरी घाबरू नये. ती फक्त विषाणू कधीतरी आला होता एवढेच सांगते. दहापैकी सुमारे तिघांच्या शरीराने त्याला आपोआप घालवलेले असते. तो आज रक्तात आहे की नाही हे दुसऱ्या तपासणीत कळते, म्हणून ती करून घेतल्याशिवाय घरी परतू नये.