आधीं हिशेब, मग डाख

बुलढाण्यास माझ्या घरीं व्हॉल्व्हवर चालणारा एक जुना ध्वनिवर्धक आहे. त्याचे ‘६व्ही६’ जातीचे दोन्ही व्हॉल्व्ह निकामी झाले. मजपाशीं होते ‘ईएल८४’ जातीचे. पहिल्यास ८ पिनांचें सॉकेट लागतें, दुसऱ्यास ९ पिनांचें. यासाठीं मध्यें ॲडॉप्टर घालतात. जुन्या सॉकेटांतील ५ व्या पिनेची ग्रिडची तार नव्या व्हॉल्व्हच्या २ ऱ्या पिनेस, ३ ऱ्या पिनेची प्लेटची तार ७ व्या पिनेस, याप्रमाणें सर्व जोडण्या फिरवाव्या लागतात.

मीं तें बिनचूक केलें, आणि तासाभरांत ट्रान्स्फॉर्मर जळाला! पिना जुळल्या, प्रकृति जुळली नव्हती. दोन्ही जातींच्या तंतूंस ६.३ व्होल्टच दाब लागतो. पण प्रवाह पहिल्यास ०.४५ अँपिअर, तर दुसऱ्यास ०.७६. दोन व्हॉल्व्ह मिळून ०.६२ अँपिअरचा वाढीव भार त्या लहानशा ट्रान्स्फॉर्मरास पेलला नाहीं. शिवाय २५० व्होल्टांवर पहिल्याच्या ग्रिडला सुमारें १२.५ व्होल्ट ऋण दाब हवा, दुसऱ्याच्या ग्रिडला ७.३ पुरे, म्हणून कॅथोडचा रोधही बदलावा लागतो.

वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांत प्राणघातक दाब उरतो. तेव्हां आधीं हिशेब, मग तो दाब उतरल्याची खात्री, आणि शेवटीं डाख. हा क्रम सोडूं नये.